परदेशात एकट्याने सायकल-सरावाची सुट्टी : जायचे की नाही, हे कसे ठरवावे

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात रविवारी पहाटे हेल्मेट घालून निघणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. सुरुवातीला राकसकोप किंवा येळ्ळूरच्या राजहंसगडापर्यंत जाणारी मंडळी वर्षभरात चोर्ला आणि आंबोलीपर्यंत पोहोचतात, आणि मग कधीतरी कोणाच्या तरी मोबाइलवर समुद्रातून उठलेल्या डोंगरांतला वळणावळणाचा रस्ता पाहून ‘आपणही एकदा तिकडे जाऊन आठवडाभर फक्त सायकल चालवावी’ असा विचार मनात घर करतो. मी टिळकवाडीत राहते, माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी स्पेनच्या मायोर्का बेटावर नऊ दिवस एकटी जाऊन आले. त्याच्या आदल्या वर्षी मात्र मी बरीच तयारी करून जाणे रद्द केले होते. हे दोन्ही निर्णय कसे झाले, त्यात कुठे वेळ आणि पैसा वाया गेला आणि कोणत्या गोष्टी आधी कळायला हव्या होत्या, ते पुढे क्रमाने लिहिले आहे.

एक खुलासा आधीच करते. येथे सराव-सुट्टी म्हणजे एकाच गावात मुक्काम करून सात ते दहा दिवस रोज ठरवून सायकल चालवणे, जेवणे आणि झोपणे. सायकलला पिशव्या लावून गावोगाव फिरणे हा वेगळा विषय आहे आणि त्याची तयारीही वेगळी असते.

१. हेतू एका वाक्यात लिहून काढा

वहीत एक वाक्य लिहा : ‘या नऊ दिवसांनंतर मला अमुक एक गोष्ट करता यायला हवी.’ हे वाक्य लिहिता आले नाही, तर तुम्हाला सरावाची नव्हे, सहलीची ओढ आहे असे समजा. त्यात काहीच वाईट नाही, परंतु तेव्हा सोबत कुटुंबाला न्यावे आणि सायकल दोन दिवस भाड्याने घ्यावी.

वाक्य लिहून झाले की ते परदेशी जाऊनच साधणार आहे का, हे तपासा. आपल्याकडचे बरेच जण बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल-फेऱ्या, करतात. तिथे २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तासांची मर्यादा असते. ज्यांची अडचण रात्री सायकल चालवण्याची, झोप आवरण्याची किंवा तासन् तास समोरून येणाऱ्या वाऱ्याची आहे, त्यांना मायोर्काच्या डोंगरात काहीही मिळणार नाही. त्यांनी चार जणांना बरोबर घेऊन बेळगाव ते हुबळी आणि परत असा रात्रीचा प्रवास दोन-तीनदा करावा. उलट, सलग अनेक दिवस लांब चढ चढण्याची ताकद हवी असेल, तर तिकडे जाण्याला अर्थ आहे.

मग आंबोली असताना एवढ्या लांब का जायचे, हा प्रश्न मलाही पुष्कळांनी विचारला. मायोर्कातला सा कलोब्रा हा नावाजलेला चढ साडेनऊ किलोमीटरच्या आसपास आहे. त्याचा सरासरी चढ सात टक्के आहे, आणि सावंतवाडीकडून आंबोली चढताना साधारण तेवढीच उंची गाठावी लागते. म्हणजे चढ आपल्याकडेही आहे. आपल्याकडे सलग नऊ दिवसांची विश्रांती नाही. सकाळी चार तास सायकल चालवून घरी आल्यावर स्वयंपाक, शाळा, वह्या तपासणे आणि पाहुणे हे सगळे तसेच असते, आणि सरावाचा निम्मा परिणाम तर नंतरच्या झोपेतून येतो. माझ्यापुरते जाण्याचे हेच खरे कारण होते. तुमचे कारण वेगळे असू शकेल, पण ते लिहिलेले असावे.

२. घरच्या घाटात चार दिवसांची तालीम करा

या लेखातली एकच पायरी पाळायची असेल तर ही पाळा. विमानाचे तिकीट पाहण्याआधी सलग चार दिवस, घराबाहेर मुक्काम करून, पूर्णपणे एकट्याने सायकल चालवा. मित्रांबरोबर केलेली आंबोली-फेरी यात धरू नका.

मी डिसेंबरात आंबोलीला खोली घेतली. पहिल्या दिवशी शिनोळी, पाटणे फाटा, कानूर असा वेंगुर्ला रस्त्याने सुमारे सत्तर किलोमीटरचा प्रवास. दुसऱ्या दिवशी घाट उतरून दाणोली आणि दोनदा वर. तिसऱ्या दिवशी सावंतवाडी गाठून परत. चौथ्या दिवशी घरी. कागदावर हे सोपे दिसते. तिसऱ्या दिवशी सकाळी धुक्यात घाट उतरताना उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली बारीक दुखू लागले. चढताना ते वाढले. बरोबर कोणी असते तर ‘थांब, सायकल दाखव’ म्हणाले असते. मी थांबले नाही, कारण वहीत तीन चढ लिहिले होते आणि ते पूर्ण करायचे होते. संध्याकाळी खोलीवर सायकल पुसताना लक्षात आले की सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, जवळजवळ एक सेंटिमीटर खाली सरकला होता. त्याचा बोल्ट ढिला होता. सीट खाली गेली की गुडघा जास्त वाकतो आणि वाटीवर ताण येतो, हे मला माहीत होते, तरी दिवसभर मी तशीच चालवत राहिले. चौथ्या दिवशी सायकल टेम्पोत घालून मी बेळगावला परतले आणि त्या वर्षीचे जाणे रद्द केले.

गुडघा तीन आठवड्यांत बरा झाला. रद्द करण्याचे कारण दुसरेच होते : एकटी असताना मी वेळेवर थांबत नाही, हे मला त्या चार दिवसांत कळले. पुढच्या डिसेंबरात मी तीच तालीम पुन्हा केली. त्या वेळी सीटपोस्टवर फ्रेमला टेकून एक रंगीत चिकटपट्टी लावली होती, रोज निघण्यापूर्वी ती पाहिली आणि ‘सांध्यात दुखले तर त्या दिवशी परत’ हा नियम घरी सर्वांना सांगून ठेवला. नियम घरच्यांना ठाऊक असला की मोडताना संकोच वाटतो, आणि त्या संकोचाचा मला उपयोग झाला.

तालमीत रोज या गोष्टी लिहा : किती तास झोप लागली, जागे होताच नाडीचे ठोके किती होते, भूक कशी होती, संध्याकाळी एकटे असताना मन कसे होते. सकाळची नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी वाढलेली असेल, तर शरीर अजून आदल्या दिवसाचा थकवा भरून काढत आहे असे समजावे. संध्याकाळच्या मनःस्थितीची नोंद पुष्कळांना अनावश्यक वाटते, पण परदेशात सायकलचे चार-पाच तास संपल्यावर दिवसाचे उरलेले तास एकट्याने काढायचे असतात. आंबोलीत दुसऱ्याच संध्याकाळी जीव नकोसा झाला असेल, तर नवव्या दिवसापर्यंत तिकडे काय होईल याचा अंदाज येतो.

३. जागा आणि महिना एकत्र ठरवा

नवखे लोक आधी जागा ठरवतात आणि मग सुट्टीत बसवतात. त्यामुळे चांगल्या जागी चुकीच्या महिन्यात जाणे होते. आपल्या भागातून जाणाऱ्यांनी मला तीन ठिकाणांबद्दल सर्वाधिक विचारले आहे.

मायोर्का : मार्च ते मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ उत्तम. युरोपातले सायकलस्वार हिवाळा संपताना तिथे सरावासाठी येतात, त्यामुळे भाड्याच्या चांगल्या सायकली, दुरुस्तीची दुकाने आणि सायकल ठेवायची सोय असलेली हॉटेले भरपूर आहेत. उत्तरेकडच्या पोर्ट दे पोलेन्सा आणि अल्कुदिया या गावांतून त्रामुंताना डोंगररांग जवळ पडते. कर्नाटकातल्या शाळांची उन्हाळी सुट्टी एप्रिल-मे महिन्यांत असल्याने शिक्षकांना ही वेळ जमते. एप्रिलच्या अखेरीस तिथे ३१२ किलोमीटरची मोठी सायकल-यात्रा असते. त्या आठवड्यात खोल्या महाग आणि दुर्मिळ होतात, म्हणून तो आठवडा टाळावा.

थायलंडमधील च्यांग माई : नोव्हेंबर ते जानेवारी. शहराला लागूनच दोई सुथेपचा सुमारे ११ किलोमीटरचा चढ आहे, आणि २,५६५ मीटर उंचीचे दोई इंथानोन हे त्या देशातील सर्वांत उंच शिखर आवाक्यात आहे. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत मात्र शेते आणि जंगले जाळल्याच्या धुराने हवा इतकी खराब होते की तिथे सराव करणे फुप्फुसांना अपायकारक ठरते. उन्हाळी सुट्टीत स्वस्त तिकीट दिसले म्हणून तिकडे जाऊ नये. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, हा नवख्यांसाठी मोठा फायदा आहे.

श्रीलंका : जवळ आणि डावीकडून वाहतूक. नुवारा एलिया १,८६८ मीटर उंचीवर आहे. चहाच्या मळ्यांतले चढ लांब आणि सुंदर आहेत, परंतु अरुंद रस्त्यांवर बसगाड्या वेगाने येतात. आपल्या घाटांतल्या वाहतुकीला कंटाळून कोणी जात असेल, तर तिकडे फार फरक जाणवणार नाही.

४. ‘एकटे’ या शब्दाचा नीट विचार करा

माझ्या सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला होता : “अगं, पण पडलीस तर उचलणार कोण?” पहिल्या वर्षी मी त्यावर रागावले होते. दुसऱ्या वर्षी लक्षात आले की तो सर्वांत नेमका प्रश्न आहे आणि त्याचे लेखी उत्तर मला देता आले पाहिजे. म्हणून एक पानभर योजना लिहून ती फ्रीजवर लावली. त्या पानावर हे होते : मुक्कामाच्या हॉटेलचा दूरध्वनी, भारतीय दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक, विमा कंपनीचा परदेशातून लागणारा क्रमांक, पासपोर्ट आणि विम्याच्या प्रती कुठे ठेवल्या आहेत, आणि रोजचे दोन निरोप. निघताना रस्त्याचे नाव आणि परत यायची वेळ, परतल्यावर ‘पोहोचले’. स्पेनमध्ये संध्याकाळचे सात वाजले, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, तरी दुसरा निरोप आला नाही, तर यजमानांनी आधी हॉटेलला फोन करायचा, असे ठरले होते.

येथे एक सापळा आहे. युरोपातही आपत्कालीन क्रमांक ११२ आहे आणि आपल्याकडेही ११२च आहे. घरच्यांनी बेळगावहून ११२ फिरवला तर तो इथल्याच पोलिसांना लागेल. म्हणून हॉटेलचा क्रमांक देशाच्या संकेतांकासह त्या पानावर असलाच पाहिजे.

स्त्रियांनी एकटीने जाण्याबद्दल मला वेगळे विचारले जाते. मायोर्कात रस्त्यावर मला असुरक्षित वाटले नाही. एकट्या सायकल चालवणाऱ्या बायका तिथे सकाळी मोठ्या संख्येने दिसतात. मुक्काम मात्र मी गावाच्या मध्यभागी घेतला, रात्री उशिरा पोहोचणारे विमान टाळले आणि पाळीच्या तारखा पाहून कठीण चढांचे दिवस मागेपुढे केले. निघण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. माझे ते कमी निघाले आणि तीन महिने उपचार घ्यावे लागले. चाळिशी ओलांडलेल्या सर्वांनीच डॉक्टरांच्या सल्ल्याने हृदयाची तपासणी करून घ्यावी.

पूर्ण एकटे आणि पूर्ण गटात यांच्या मधली एक वाट आहे आणि नवख्यांना मी तीच सुचवते. मायोर्कात सायकल भाड्याने देणारी अनेक दुकाने आणि हॉटेले वेगवेगळ्या वेगाचे गट घेऊन रोज बाहेर पडतात. प्रवास आणि मुक्काम एकट्याने करून कठीण रस्त्यांचे दिवस अशा गटाबरोबर काढता येतात. मी नऊपैकी दोन दिवस तसे केले आणि रस्त्यावर उजवीकडे राहण्याची सवय त्या दोन दिवसांतच झाली.

५. खर्च मांडताना सुटणाऱ्या गोष्टी

विमान, मुक्काम, जेवण, सायकलीचे भाडे हे सर्वांच्या लक्षात असते. हिशेबातून सुटतात ते असे : व्हिसासाठी बेंगळूरला जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च, प्रमाणित भाषांतरे, सायकलीच्या भाड्यासाठी क्रेडिट कार्डावर अडकणारी अनामत, परकीय चलनावर बँक लावते ते शुल्क, आणि बिनपगारी रजा घ्यावी लागली तर तिची रक्कम. भारतातल्या सहल कंपनीकडून परदेशी सहलीचे पॅकेज घेतले तर त्यावर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापला जातो. विवरणपत्र भरताना तो वळता होतो, पण तोपर्यंत रक्कम अडकून राहते. एकूण बेरजेवर वीस टक्के राखीव धरा. तेवढी रक्कम कर्ज न काढता उभी राहत नसेल, तर या वर्षी जाऊ नका, असे मी स्पष्टपणे सांगेन.

६. कागदपत्रे : सीमाभागातल्या अडचणींसह

पासपोर्ट नसेल तर ते पहिले काम. बेळगावातच टपाल कार्यालयातील पासपोर्ट केंद्र आहे. तिथे वेळ मिळाली नाही तर हुबळीला जाता येते.

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे स्पेनसह युरोपातील बहुतेक देशांसाठी, साधारणपणे हे कागद लागतात :

– गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असलेला आणि दोन कोरी पाने असलेला पासपोर्ट
– भरलेला अर्ज आणि ३५ बाय ४५ मिलिमीटरची छायाचित्रे
– जाण्यायेण्याच्या विमानाचे आणि मुक्कामाचे आरक्षण
– किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवास-विमा
– बँकेचे अलीकडच्या महिन्यांचे उतारे, प्राप्तिकर विवरणपत्रे, पगारपत्रके
– नोकरीच्या ठिकाणचे ना-हरकत आणि रजा मंजूर असल्याचे पत्र, किंवा स्वतःच्या व्यवसायाचे नोंदणीपत्र
– दिवसवार आखणी आणि जाण्याचा हेतू सांगणारे पत्र

प्रौढांसाठी व्हिसाचे शुल्क ९० युरो आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण ती मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. भेटीची वेळ मिळण्यातच आठवडे जातात, म्हणून एप्रिलच्या प्रवासासाठी मी जानेवारीत कामाला लागले होते. थायलंड आणि श्रीलंकेचे प्रवेशाचे नियम वारंवार बदलतात. ते त्या त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावरच, तिकीट काढण्याच्या आठवड्यात, पाहावेत.

आता आपल्या भागापुरत्या गोष्टी. अर्ज कुठे द्यायचा हे तुमच्या राहत्या पत्त्यावरून ठरते. बेळगावकरांना मुंबई सवयीची असते, नातेवाईकही तिकडेच असतात, परंतु आपला पत्ता कर्नाटकातला आहे. महाराष्ट्राच्या हद्दीतल्या शिनोळीत राहणारा माणूस आणि तिथून काही किलोमीटरवर हिंडलग्यात राहणारा माणूस यांना अर्ज वेगवेगळ्या ठिकाणी द्यावा लागू शकतो. मुंबईचे रेल्वे आरक्षण करण्यापूर्वी हे पाहून घ्या.

दुसरी गोष्ट गावाच्या नावाची. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. जन्मदाखला, जुना पासपोर्ट, पदवी यांवर बेळगाव आणि आधार, बँक यांवर बेळगावी अशी स्थिती आपल्यातल्या बहुतेकांची आहे. अर्ज स्वीकारणाऱ्या खिडकीवर मला हाच प्रश्न विचारला गेला. दोन्ही नावे एकाच शहराची असून नाव अमुक तारखेपासून बदलले, असे एक वाक्य मी हेतूच्या पत्रात आधीच घातले होते, आणि बोट ठेवून ते दाखवताच प्रश्न मिटला.

तिसरी गोष्ट व्यक्तीच्या नावाची. मराठी पद्धतीचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव, कन्नडमधून इंग्रजीत जाताना एखाद्या कागदावर आद्याक्षरांत आखडते, कुठे आडनाव आधी येते, कुठे अक्षरे बदलतात. सगळे कागद टेबलावर पसरून पासपोर्टवरच्या नावाशी एकेक अक्षर जुळवून पाहा. तफावत असलेला कागद दुरुस्त करण्यास वेळ लागतो. जमीन किंवा घराचे उतारे जोडणार असाल तर ते कन्नडमध्ये असतात. त्यांचे इंग्रजी भाषांतर नोटरीकडून प्रमाणित करून घ्या. शाळेचे पत्रही मराठी किंवा कन्नड नको, इंग्रजीच मागा. शासकीय नोकरीत असणाऱ्यांना परदेश प्रवासाची परवानगी वरिष्ठ कार्यालयाकडून आणावी लागते, आणि तो कागद सर्वांत उशिरा हातात पडतो.

७. सायकल न्यावी की तिकडे घ्यावी

पहिल्या खेपेला तिकडेच भाड्याने घ्या. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून सुटणारी काही विमाने लहान असतात आणि सायकलची पेटी त्यांत बसेलच असे नाही. मोपा, दाबोळी, मुंबई किंवा बेंगळूरपर्यंत ती पेटी गाडीने न्यावी लागते. एकट्या माणसाला सामानाच्या दोन पिशव्या आणि पेटी घेऊन विमान बदलणे फार जड जाते. तरीही महागडी सायकल न्यायचीच असेल, तर निघताना विमानतळावरच्या सीमाशुल्क कार्यालयातून ती आपलीच असल्याचे एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, म्हणजे परतताना ती नवी आणली असे समजून शुल्क मागितले जाणार नाही.

भाड्याच्या सायकलीसाठी घरून स्वतःचे पेडल, बूट, हेल्मेट आणि शक्य असल्यास सीट न्या. सीटची उंची, पुढे-मागे अंतर आणि हँडलपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिहा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे पेडल बसवताना विसरू नका. गियर मागताना पुढे ३४ दात्यांचे लहान चक्र आणि मागे ३२ किंवा ३४ दात्यांचा मोठा गियर आहे याची खात्री करा.

आणि ब्रेक. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हातात असतो. युरोपातल्या सायकलींवर तो बहुधा डाव्या हातात असतो. मला हे कोणी सांगितले नव्हते. दुकानातून बाहेर पडून हॉटेलच्या गल्लीत वळताना मी मागचा समजून डावा ब्रेक सवयीच्या जोराने दाबला आणि मागचे चाक जमिनीवरून उचलले गेले. वेग कमी होता म्हणून पाय टेकता आले. हेच उतारावर झाले असते तर पुढचे दिवस रुग्णालयात गेले असते. डिस्क ब्रेकच्या नळ्या आयत्या वेळी बदलून देणे दुकानदाराला अवघड असते, म्हणून आरक्षण करतानाच ‘पुढचा ब्रेक उजवीकडे’ असे लिहून मागा. ब्रिटिश ग्राहकांमुळे तिथल्या दुकानांना ही मागणी परिचित आहे. मी अर्धा तास रिकाम्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारून हाताला नवी सवय लावली आणि मगच रस्त्यावर गेले.

हवा भरण्यासाठी गॅसच्या छोट्या नळकांड्या नेऊ नका, विमानतळावर त्या अडतात. हातपंप पुरेसा आहे. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, ती जवळच्या पिशवीत ठेवावी लागते.

८. विम्यातली बारीक अक्षरे

व्हिसासाठी घेतलेला सर्वांत स्वस्त विमा सायकलच्या अपघाताला लागू होईलच असे नाही. पत्रकात ‘साहसी खेळ’, ‘स्पर्धा’ आणि ‘व्यावसायिक खेळ’ या शब्दांखाली काय वगळले आहे ते वाचा आणि ‘रस्त्यावर सायकल चालवताना झालेला अपघात धरला जातो का’ हे कंपनीकडून ई-मेलवर लेखी घ्या. फोनवरच्या होकाराला अर्थ नाही. डोंगरातून उचलून आणण्याचा खर्च, दुसऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाई आणि भाड्याच्या सायकलीचे नुकसान हे तीन मुद्दे वेगळे विचारा. तिसरा मुद्दा बहुधा दुकानाकडूनच वेगळा घ्यावा लागतो.

९. तिथले दिवस कसे आखावेत

नेहमीच्या आठवड्यात जितके तास सायकल चालवता त्याच्या दीडपटीपेक्षा जास्त चालवायची नाही, हा मी स्वतःला घातलेला नियम होता. मी घरी दहा तास चालवते, तिथल्या सात दिवसांत पंधरा. पहिला दिवस प्रवासाचा, दुसरा सपाट रस्त्यावरचा, मग दोन दिवस डोंगर, एक दिवस हलका, पुन्हा दोन दिवस डोंगर, एक दिवस अगदी थोडे, मग परत. चांगला रस्ता आणि आल्हाददायक हवा पाहून पहिल्याच डोंगरदिवशी सगळी ताकद ओतावीशी वाटते. त्या दिवशी आवरले तरच सातव्या दिवशी पाय चालतात.

सा कलोब्राचा रस्ता वरून खाली समुद्राकाठी जातो आणि तिथेच संपतो. म्हणजे आधी उतरायचे आणि मग तोच रस्ता चढून परत यायचे. उतरताना फार मजा येते आणि वर येण्यासाठी लागणाऱ्या पाण्याचा व खाण्याचा विसर पडतो. खाली बाटल्या भरून घ्या. उशिरा सकाळी पर्यटकांच्या बसगाड्या अरुंद वळणांवर येऊ लागतात, त्याआधी वर आलेले बरे. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी आणि साठ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके लागतात. केळी तिथे मिळतात, शेंगदाण्याची चिक्की आणि खजूर मी नेले होते. कुंदा, पेढे, तूप मात्र नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून दुधाचे पदार्थ सामानात आणण्यास मनाई आहे. हॉटेलवाल्यांना बेळगावचा कुंदा द्यायची माझी फार इच्छा होती, ती राहून गेली.

एप्रिलमध्ये डोंगरावरून उतरताना बेळगावच्या माणसाला सोसणार नाही इतका गारठा लागतो. पातळ वारा-रोधक जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे खिशात असावेत. स्पेनमध्ये गावाबाहेरच्या रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचे आहे. गोल चौकात उजवीकडे वळून शिरायचे आणि आत फिरणाऱ्या, म्हणजे तुमच्या डावीकडून येणाऱ्या, वाहनाला आधी जाऊ द्यायचे. मोटारींनी सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवावे असा कायदा आहे आणि बहुतेक चालक तो पाळतात. पहिले दोन दिवस मागून येणारी गाडी ओलांडत का नाही म्हणून मी घाबरून मागे पाहत होते. ती माझ्या मागे जागा मिळण्याची वाट पाहत होती.

१०. निर्णयाची तारीख आधीच लिहा

व्हिसा हातात येईपर्यंत रद्द न होणारे तिकीट किंवा खोली घेऊ नका. व्हिसा नाकारला गेला तर शुल्क परत मिळत नाही, पण बाकीचे पैसे वाचवणे आपल्या हातात असते. खोलीचे आरक्षण फुकट रद्द करण्याची शेवटची तारीख पाहा, तिच्या चार दिवस आधीची तारीख दिनदर्शिकेवर लाल पेनाने लिहा आणि त्या दिवशी वही उघडून बसा. तालमीचे चार दिवस नियम न मोडता पार पडले का, सांध्यात दुखणे उरले आहे का, कागद आणि लेखी विमा हातात आहे का, घरच्यांना फ्रीजवरचे पान समजले आहे का. यांतल्या एकाही प्रश्नाला ‘बघू’ असे उत्तर येत असेल, तर त्याच दिवशी रद्द करा आणि त्याच दिवशी घरी सांगा. चार दिवस ओढत नेले की तारीख निघून जाते आणि मग पैसे अडकले म्हणून माणूस जातो.

रद्द केलेल्या वर्षीची रजा परत करू नका. मी त्या मे महिन्यात पाच दिवस पुन्हा आंबोलीला जाऊन राहिले, रोज फक्त एक चढ चढले आणि दुपारी झोपले. भाषांतरे, नाव दुरुस्त केलेले कागद, हेतूच्या पत्राचा मसुदा आणि मापांची वही एका फायलीत ठेवली. पुढच्या जानेवारीत त्यांतली बँकेची पाने, शाळेचे पत्र आणि विमा एवढेच नव्याने करावे लागले.